वाटूरचा ठिपका

प्रिय (चिडले आहे तरीही प्रियच) राजनंदिनी,

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, टीमचा ग्रुप सोडलास, म्हणून हे पत्र बीडला तुझ्या मामांच्या पत्त्यावर पाठवते आहे. पोस्टातल्या बाईंनी तिकीट देताना मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पत्र? भांडण झालं का गं?" काय सांगणार त्यांना? भांडायला तरी समोर कुणी थांबायला पाहिजे.

आधी माझी डोकेदुखी ऐक. परीक्षा संपल्यावर अंगद सरांनी जाहीर केलं की जिल्ह्यातल्या शाळांच्या सगळ्या रोबोटिक्स टीमचा ऑनलाइन नकाशा करायचा. ठिपक्यावर बोट ठेवलं की टीमचं नाव, त्यांना काय जमतं आणि काय अडलंय, हे उघडणार. मंग ज्याला त्याला एकमेकांना विचारता येईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काम माझ्या गळ्यात घालून सुट्टीला पळाले. कल्याण लोगो करतो म्हणाला, तो अजून लोगोच करून राह्यलाय.

अंबडकडच्या एका टीमनं अक्षांश आणि रेखांश उलटे भरले. त्यांचा ठिपका थेट उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात! फोन केला तर त्यांचे सर माझ्यावरच घसरले, "आमचं बिलकुल बराबर हाय, तुमचा नकाशाच चुकला आसंल." एका मुख्याध्यापकांना त्यांची शाळा जुनी म्हणून ठिपका मोठा हवा होता. अंतरवाली सराटीच्या पोरांनी स्वतःला जालना शहरात टाकलं होतं. का विचारलं, तर म्हणाले, "गावाच्या नावावर कोण बोट ठेवतंय, ताई?" तिथं मात्र मला रागावता आलं न्हाई. त्यांना समजावलं आणि ठिपका त्यांच्या चौकात, चहाच्या टपऱ्यांजवळ नेऊन ठेवला. अब्बू मधूनच डोकावून विचारतात, "इस में मिलता क्या, बेटा?" आणि दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझा नकाशा उघडून दाखवतात.

सगळ्यात वैताग आणला तो 'काय अडलंय' या रकान्यानं. काय जमतं? सगळ्यांना सगळंच जमतं! काय अडलंय? कोरं. अंगद सर म्हणाले, "आपलं अडलेलं कोण चारचौघांत सांगतंय?" मी इतकी वैतागले की आपल्या भोकरदनच्या ठिपक्यावर खरं तेच लिहून टाकलं. जानेवारीत संभाजीनगरच्या स्पर्धेत सकाळच्या फेरीत आमचा रोबोट काळ्या रेषेवरून सरळ धावला. दुपारच्या फेरीत खिडकीजवळच्या वळणावर जागच्या जागी गरगर फिरत राहिला. का, ते कळलं न्हाई. आणि प्रोग्रॅम लिहिणारी रुसून मामाकडं गेली. होय, सगळ्या जिल्ह्याला दिसेल असं लिहिलं. कर काय करायचं ते.

त्या दिवशी तू लॅपटॉप मिटलास, तो अजून उघडला नसशील, मला माहीत आहे. परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडं तोंड करून बसलीस. सुरेखानं भेळ पुढं केली ती घेतली न्हाईस. "माझ्यामुळं हरलो," एवढं एकदाच म्हणालीस. मी न्हाई न्हाई म्हणत राहिले, पण माझ्याजवळ दुसरं कारण नव्हतं आणि तुला ते दिसत होतं. मंग शेवटचा पेपर झाला आणि तू गेलीस. आता अकरावीसुद्धा तिकडंच करणार, असं तुझ्या आईकडून कळलं. मला तुझ्याकडून न्हाई.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल वाटूरच्या टीममधल्या कौसल्या नावाच्या मुलीचा फोन आला. तिनं आपल्या ठिपक्यावरचं वाचलं आणि विचारलं, "तुमचाबी रोबोट त्याच वळणावर फिरला का?" त्याच हॉलमध्ये, त्याच दुपारी त्यांचाही तिथंच अडकला होता. गावी गेल्यावर त्यांनी रोबोट उन्हात ठेवून बघितला, मंग सावलीत. उन्हात त्याला काळी रेष दिसतच न्हाई. सेन्सर आंधळा होतो. दुपारी खिडकीतून ऊन बरोबर त्या वळणावर आलं होतं. मी आज सकाळी अंगणात काळी रेष आखली आणि आपला रोबोट तिथं नेला. तुझा प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता. उन्हात गरगर फिरला. वर चादर धरली, तर सरळ गेला. अब्बूंनी चादरीचं दुसरं टोक धरलं होतं. ते काही न समजता माझ्याबरोबर ओरडले. राजी, तुझ्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. रविवारी वाटूरच्या पोरी आपल्या शाळेत येणार आहेत, आणि इथला अकरावीचा प्रवेश अजून उघडा आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः येऊन बघ. चादर धरायला माणूस कमी पडतंय.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझीच,
सालेहा