हिला आहे तिथंच राहू द्या

बाई, मी तुमच्यावर अजून चिडलेली आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा विषय निघाला की लोक आपोआप हळू आवाजात बोलतात, आणि गेलेल्या माणसावर राग धरू नये असं मलाही घरात शिकवलेलं आहे. पण राग काही परवानगी मागून येत नाही. परवा एका कॉलेजात ग्रंथपालाच्या जागेसाठी मुलाखती होत्या. बाहेरची जाणकार म्हणून मला बोलावलं होतं. समोर तिथलीच सहायक ग्रंथपाल बसली होती, आणि तिचे निवृत्त होणारे साहेब कौतुकानं म्हणाले, "हिच्याशिवाय आमच्या लायब्ररीत पान हलत नाही. आहे त्या जागी सोनं आहे ही." सगळे हसले. ती पोरगीसुद्धा हसली, आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मग जागा तिलाच द्या की. विचारायचं काय त्यात?" तिला ती जागा मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही. घरी आले, चपला काढल्या आणि तुमच्याशी भांडायला बसले.

मी तुमच्या लायब्ररीत सहायक म्हणून आले तेव्हा बी.लिब.चा निकाल नुकता लागला होता. नव्वदनंतरची सुरुवातीची वर्षं. आमचे अण्णा साताऱ्याकडून येऊन कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला लागलेले. मुलगी लायब्ररीत नोकरी करणार म्हणजे दिवसभर नक्की काय करणार हे त्यांना उमगलं नव्हतं, पण कॉलेजात करणार, एवढं त्यांना पुरेसं होतं. आपलं कॉलेजही तेव्हा नवंच. पुढे मोकळं मैदान, मागे खाडीकडचा भराव, आणि वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा वास थेट वाचनकक्षात. तुम्ही खिडक्या लावू द्यायच्या नाहीत. पुस्तकांना कुबट वास लागतो, माणसांनी सोसावं, असं म्हणायच्या. तुमच्याकडून मी किती शिकले हे मी नाकारत नाही, नाहीतर तुम्हाला वाटेल रागाच्या भरात सगळंच विसरली. उलट तेच आठवून जास्त संताप होतो. काउंटरवर कुणी गाईड मागितलं की तुम्ही नाक मुरडत नसायच्या. गाईड द्यायच्या आणि त्याच्याखाली त्याच विषयाचं एक बरं पुस्तक गुपचूप सरकवायच्या. "दोन्ही ने. आवडलं नाही तर मला येऊन शिव्या दे," असं म्हणायच्या. मुलं शिव्या द्यायला यायची आणि तिसरं पुस्तक घेऊन जायची. मी हे आजही करते. माझ्या हाताखालच्यांनाही करायला लावते.

पण एप्रिल आला की माझा जीव खालीवर व्हायचा. परीक्षा आटपल्या की साठ्याची तपासणी, आणि तपासणीत सगळ्यात जास्त पुस्तकं बाहेर असायची ती प्राध्यापकांकडे. वर्ष वर्ष परत न केलेली. विद्यार्थ्यांना आपण लगेच दंड लावायचो, पण प्राध्यापकांना साधी आठवणीची चिठ्ठीही पाठवायची नाही, हा तुमचा नियम होता. त्यांना वाईट वाटतं म्हणे. त्याऐवजी तुम्ही, कॉलेजच्या ग्रंथपाल, भर उन्हात कापडी पिशवी घेऊन एकेकाच्या घरी जायच्या, आणि दुसरी पिशवी घेऊन मी तुमच्या मागे. दारात उभं राहायचं, हसायचं, मुलांची चौकशी करायची आणि मग ओशाळं होऊन पुस्तकांचा विषय काढायचा. त्या दिवशी वाशीच्या एका सोसायटीत आपण तिसऱ्या मजल्यावर उभ्या आहोत. सरांनी बनियनवरच दार उघडलंय. आत त्यांचा मुलगा आपल्या लायब्ररीच्या मोठ्या नकाशासंग्रहात स्केचपेननं समुद्र रंगवतोय, आणि सर म्हणताहेत, "पुढच्या आठवड्यात बघू हां, आता टेन्शन आहे पेपरांचं." तुम्ही "हो हो, सावकाश" म्हणालात. माझा तोल गेला. "सर, हेच पोरांनी केलं असतं तर आपण पुस्तकाची भरपाई घेतली असती. तुम्हाला वेगळा न्याय का?" सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुम्हाला विचारलं, "मॅडम, ही कोण? तुमची क्लार्क का?" आणि तुम्ही, मी क्लार्क नाही हे सांगायचं सोडून, माझ्याकडे वळून म्हणालात, "माफी माग."

मागितली मी. दारातच, पिशवी हातात धरून. खाली उतरताना तुम्ही मला समजावत होतात की आपण सेवेकरी माणसं, आपल्याला भांडण शोभत नाही, भांडलीस तर पुढच्या वर्षी दार उघडणार नाहीत. मी ऐकून घेतलं. तुमच्यावर माझा इतका विश्वास होता की मी ते खरं मानलं, आणि पुढची सगळी वर्षं जीभ आवरली. सभेत ग्रंथालयाला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली तरी गप्प. नवी कपाटं मंजूर होऊन वर्गात गेली तरी गप्प. लोक म्हणायचे, किती शांत मुलगी आहे. तुम्हीही म्हणायच्या. माझा स्वभाव काय आहे हे त्या तिसऱ्या मजल्यावर पाहिलेल्या तुम्ही!

आपल्या धंद्यात वर जायला जिना नाही हो बाई. प्राध्यापकांना किती पायऱ्या असतात, ऑफिसातल्या लोकांनासुद्धा असतात. कॉलेजच्या लायब्ररीत मात्र खुर्ची एकच. त्या खुर्चीवरचं माणूस उठेपर्यंत बाकीच्यांनी खाली थांबायचं, आणि उठेल त्या दिवसासाठी तयारी करून ठेवायची. मी केली होती तयारी. नोकरी सांभाळून एम.लिब. केलं, वाशीला क्लास लावून कॉम्प्युटर शिकले. तुमची निवृत्ती जवळ आली, जाहिरात निघाली, आणि मी अर्ज केला तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी दिलीत. हातमागाची, करड्या रंगाची. "मुलाखतीला हीच नेस. पोक्त दिसशील," म्हणालात. मी तुमच्या पाया पडले.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौघं बसलेले. प्राचार्य, विद्यापीठाकडून आलेले एक गृहस्थ, संस्थेचे सचिव आणि तुम्ही. सचिव इथल्याच गावचे, शेती शहराखाली गेल्यावर बिल्डिंगी बांधणारे. मला त्यांचीच भीती होती, आणि तेच सगळ्यात मोकळेपणानं बोलले. "पोरीचं काम बेस हाय, आमची भाची सांगतं घरी. कम्पुटर बी येतो हिला. मंग बाहेरचा मानूस कशाला पायजे? बाई, तुमी सांगा, तुमच्या हाताखालची हाय." सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि खरं सांगते, मला हसू फुटायच्या बेतात होतं, इतकी मी निर्धास्त होते. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "कामात हिचा हात कुणी धरणार नाही. पण ग्रंथपाल म्हणजे चार लोकांशी भांडावं लागतं. हिला भांडता येत नाही. उगाच वर बसवून तिचे हाल करू नका. हिला आहे तिथंच राहू द्या." सचिवांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि फाईल मिटली. "बाई बोलल्या म्हंजी झालं."

संध्याकाळी अण्णा काट्यावरून लवकर आलेले. बाजारातल्या दोन-तीन जणांना त्यांनी सांगूनही टाकलं होतं. "काय म्हणली मंडळी? झालं न्हवं काम?" मी म्हटलं, कळवतील. "बाईंनी शब्द टाकला असंल की तुझ्यासाठी." मी म्हटलं, टाकला. मग मी आत जाऊन साडी बदलली आणि सगळ्यांची ताटं घेतली.

नंतरच्या रविवारी मी तुमच्या घरी आले ते तुम्हाला आठवत असेल. तुम्ही स्वयंपाकघरात घावनं घालत होतात. मला तिथंच स्टुलावर बसवलंत आणि मी काही विचारायच्या आत पहिलं घावन ताटलीत वाढलंत. मी विचारलं, "असं का बोललात?" तुम्ही तव्याकडेच बघत उत्तर दिलंत. "तू तापट आहेस गं. मला काय माहीत नाही? त्या खुर्चीवर बसलीस की पहिल्या महिन्यात कुणाच्या तरी तोंडावर बोलशील आणि घरी बसशील. एवढी वर्षं त्या खुर्चीवर बसून मी काय मिळवलं? पिशवी घेऊन दारोदार फिरले. मला कधी पैशाच्या बैठकीला बोलावलं नाही त्यांनी. तुझं तसं व्हायला नको होतं मला." आणि दुसरं घावन वाढत म्हणालात, "नारळाचा रस घे, कोरडं खाऊ नकोस."

म्हणजे तुम्ही त्या तिघांसमोर सरळ खोटं बोललात. मला भांडता येतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, आणि ते येतं म्हणूनच तुम्ही येत नाही असं सांगितलंत. वर ही माया! त्या स्टुलावर बसून मी दोन्ही घावनं खाल्ली आणि उठले, पण आज बोलते. तुम्हाला कुणी विचारलं होतं? घरी बसले असते तर माझी मी बसले असते. तुम्हाला त्या खुर्चीवर काही करता आलं नाही, म्हणजे कुणालाच येणार नाही, हे तुम्ही कुठून ठरवलंत? तुम्हाला बैठकीला बोलावलं नाही, तर तुम्ही कधी न बोलावता जाऊन बसलात का? हाताखालच्या माणसाला वर चढवणं हेही वरच्या माणसाचं काम असतं. तुम्ही मला पुस्तक हाताळायला शिकवलंत, वाचक ओळखायला शिकवलंत, आणि नेमकं दार उघडायची वेळ आली तेव्हा स्वतःच दाराला पाठ लावून उभ्या राहिलात. मला सांभाळायला म्हणे.

बाहेरून एक गृहस्थ आले. सज्जन होते. कपाटं कुठली कुठे आहेत हे त्यांना मीच दाखवलं, आणि तुमच्या निरोप समारंभात "ही आहे म्हणून मी निश्चिंत जाते" असं तुम्ही म्हणालात तेव्हा टाळ्याही वाजवल्या. पुढे मी पनवेलकडच्या एका कॉलेजात अर्ज केला. तिथं माझ्याबद्दल सांगायला तुम्ही नव्हतात, म्हणून खुर्ची मिळाली. पहिल्याच एप्रिलमध्ये मी सगळ्या प्राध्यापकांना आठवणीच्या चिठ्ठ्या पाठवल्या, प्राचार्यांनासुद्धा. गदारोळ झाला. केबिनमध्ये बोलावून झापलं मला. मीही बोलले, आवाज चढवून बोलले. कुणी घरी बसवलं नाही, बाई. चार दिवस लोक फुगून बसले आणि मग पुस्तकं यायला लागली. प्राध्यापक स्वतः घेऊन आले, काउंटरवर, रांगेत. त्या दुपारी मला तडक तुमच्याकडे यायचं होतं आणि तुमच्या त्याच स्वयंपाकघरात उभं राहून हे सगळं मोठ्यानं सांगायचं होतं. पण तुम्ही त्याच्या आधीच्या थंडीत गेला होतात. झोपेत, कुणाला त्रास न देता. तेही अगदी तुमच्यासारखंच, आणि मला त्याचाही राग आला.

हे पत्र कुणाकडे द्यायचं हा प्रश्नच नाही. तुमच्या घरात आता दुसरे लोक राहतात आणि तुमचे भाऊ कुठे गेले मला माहीत नाही. लिहून झालं की घडी घालीन आणि ठेवून देईन. माझ्याकडे नवी मुलगी कामाला लागली की पहिल्या दिवशी मी तिला तुमच्याबद्दल सांगते, आणि सगळं चांगलंच सांगते. मुलाखतीचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही, अण्णांनाही नाही. त्या मुलींना वाटतं, मी तुमची लाडकी होते. होतेच मी लाडकी. परक्या कुणी असं केलं असतं, तर मी केव्हाच विसरून गेले असते.