भडक गुलाबी

रमीज,

रविवार असूनही नेरूळला शाळेत चाललेय. टायट्रेशनमध्ये थेंबाथेंबाने द्रावण घालताना रंग जेमतेम फिकट गुलाबी झाला की थांबायचं असतं. माझ्या व्हिडिओत तो उठून दिसेना, म्हणून तू मला न विचारता फिल्टर मारून भडक केलास. मुलांनी घरी तेच पाहिलं, ऑनलाइन टेस्टला पैकीच्या पैकी मिळवले, आणि काल लॅबमध्ये अख्ख्या वर्गाने सरबतासारखे गडद फ्लास्क मला कौतुकाने दाखवले. घरी येऊन तुला सांगितलं. त्यावर तू म्हणतोस, "लाइक्स बघ ना!"

सगळ्यांचं प्रॅक्टिकल आज पुन्हा घेतेय. तो व्हिडिओ आधी डिलीट कर. कैनात उठली की तिला दूध दे.

कुकरमध्ये खिचडी आहे. अळणी लागली तरी तशीच खा. वरून काही घालू नकोस.

बतूल