आठ अक्षरांत न मावलेला शब्द

३ फेब्रुवारी

सूनबाई पगाराची चिठ्ठी घेऊन खाटेशी बसली. "बाबा, हे दरमहा काय कापतात? मी काय गुन्हा केलाय?" दोन ओळी – विमा वर्गणी, आरोग्य वर्गणी. रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत तिला पाच महिने झाले. मी जन्मभर पुस्तकं बांधली, पण स्वतःची चिठ्ठी कधी नीट वाचली नाही. म्हटलं, विमा कचेरीत जाऊन विचारतो.

५ फेब्रुवारी

खिडकीतली बाई भली. "आजोबा, चिठ्ठीवर फक्त तिचा वाटा दिसतो. मालकही पदरचं तेवढंच भरतो, ते कामगाराला दिसत नाही." विमा वर्गणी आजारपणातल्या पगारासाठी आणि म्हातारपणासाठी. आरोग्य वर्गणी दवाखान्यासाठी – सहा महिने भरली की शस्त्रक्रियेचा खर्च ते करतात. पत्रक दिलं. बारीक टाइप, पण कागद झकास, शिवायला छान.

घरी येऊन सांगितलं तर पोर बोटांवर महिने मोजू लागली. तिच्या पित्ताशयात खडे आहेत. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांपलीकडे ढकलू नका. खाजगीतला आकडा ऐकून मुलगा दोन दिवस जेवला नव्हता. म्हणजे आता वर्गणीचा एकच महिना उरला! रात्री कूस बदलताना ती कण्हते, ते भिंतीपलीकडून ऐकू येतं. सकाळी विचारलं तर म्हणते, "स्वप्न पडलं होतं."

९ फेब्रुवारी

शाळेत गुरुजी टेबलावर बोटं वाजवत ओळीची आठ अक्षरं मोजून घेत. नववं आलं की छडी. खिडकीबाहेर चिंच होती – की जांभूळ? कविता मात्र सगळ्या शाबूत आहेत. तसंच हे पत्रक बसवलं.

माझा वाटा, मालकाचा,
दोघांनीही भरायाचा;
सहा महिने भरता
दवाखाना हो हक्काचा.

सूनबाईला म्हणून दाखवलं. हसता हसता कुशीवर हात दाबून बसली. "बाबा, बायकांना शिकवते हे. त्यांनाही वाटतं मालकच खिशात घालतो."

१२ फेब्रुवारी

सगळी लाँड्री म्हणते म्हणे! आज उगाचच दाढी केली.

१९ फेब्रुवारी, दुपार

मुलगा जेवताना सहज बोलला – लाँड्रीत काम कमी आहे. मालक म्हणाला, हा महिना रोख घ्या, कापाकापी नको, हातात जास्त येतील; पुढच्या महिन्यापासून पुन्हा वर्गणी सुरू. सही आज.

"ती काय म्हणाली?"

"बघते म्हणाली. मी म्हटलं, पाच झालेत, सहावा पुढच्या महिन्यात भरू. तुमच्या कवितेत तरी तेवढंच आहे ना?"

पत्रक काढलं. 'सलग सहा महिने.' सलग! खंड पडला की पहिल्यापासून मोजणी. तो शब्द मी वाचला होता. अक्षरं अकरा होत होती, म्हणून गाळला. म्हटलं होतं, अर्थ काही बिघडत नाही.

तिचा फोन कामाची पाळी संपेपर्यंत फाटकावर जमा. मुलगा कामावर गेला. काठी घेतो नि निघतो. देवा, तिच्या पोटाशी मी यमक खेळलो.

१९ फेब्रुवारी, संध्याकाळ

लाँड्रीच्या दारात वाफच वाफ. चष्मा धुरकटला, दिसेना. आधी आवाज आला. बायका दोघी-दोघी चादरीची टोकं धरून, पुढे येत, घडी घालत माझं कडवं म्हणत होत्या. तिसऱ्या ओळीला सगळ्या एकदम थांबल्या, चादरीला जोराचा झटका दिला, "सलग!" – आणि मग "सहा महिने भरता".

मुकादम बाई म्हणाली, "आजोबा, तुमच्या सुनेनं पहिल्याच दिवशी घातला तो शब्द. पत्रक वाचून आली होती. म्हणाली, बाबांना कळू देऊ नका, त्यांची अक्षरं जास्त होतात." रोखीवर एकीनंही सही केलेली नव्हती.

सूनबाई घामेजलेली, चादरीचं टोक हातात. "बाबा, इतक्या लांब चालत आलात?" तिनं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.