उतारावरचा जवसाचा वास

अगं प्रकाशची माय,

त्या सायकलीबद्दल लिहितो आहे. गावात आता माझं कोणी ऐकत नाही. पारावर बसून मी नुसतं "गेअर" म्हटलं की शेजारचा विठोबा चपला शोधायला लागतो. प्रकाशही काल हैदराबादला परत गेला. मग म्हटलं, तुलाच लिहावं. तू तरी मध्येच उठून जाणार नाहीस. जायचं ते तू पौषातच जाऊन बसलीस.

तुला वाचता येत नव्हतं आणि माझी शाळा चौथीत सुटली. लिहिणारा अर्धा, वाचणारी त्याहून कमी. चालेल आपल्याला.

प्रकाशने ती सायकल गाडीच्या टपाला बांधून आणली तो दिवस आठवतो का? माझी काळी सायकल त्याने मला न विचारता भंगारवाल्याला देऊन टाकली! "बाबा, आता ही चालवा. ही डोंगर चढते," म्हणाला. अरे, पण तलमडुगूच्या या आपल्या शिवारात डोंगर आहे कुठे? वावराकडे जाताना नाल्याचा तेवढा एक उतार. चढायला डोंगर नाही, आणि वांग्याची टोपली बांधायला मागे कॅरिअर नाही! स्टँडही नाही. बाभळीला टेकवून ठेवावी तर टायरात काटा. मडगार्ड नाही. पावसाळ्यात घरी आलो तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत चिखलाची रेघ उठलेली. तू दारातच म्हणालीस, "अवो, म्हैस बरी. ते निदान सगळ्या अंगानं भरते."

मला त्या यंत्राची किळस आली आहे. हा शब्द मी विचार करून लिहिला. राग येऊन जातो, किळस जात नाही. हात धुतले तरी नखांत तिचं काळं वंगण राहतं आणि जेवताना घासाला त्याचा वास येतो.

चढावर जोर लावावा तेव्हाच साखळी निसटते. पाय रिकामा फिरतो. साखळी बसवावी तर गेअर आपल्या मनाने बदलतो. कापसाच्या वावराच्या बांधावरून नेली, तर पऱ्हाटीचं एक काडूक मागच्या गेअरात शिरलं आणि तिथला तो लोंबता तुकडा वाकला. काडकाने लोखंड वाकतं का गं कधी? आपला हवा भरायचा नळीचा पंपही तिला बसत नाही. हवेसाठी पेट्रोल पंपावर मोटारसायकलींच्या रांगेत ही सायकल धरून उभं राहायचं. पोरं हसतात. तलमडुगूचा सायकलीचा दुकानदार तर मला स्पष्टच म्हणाला, "काका, तुमी येतांना दिसले का मी शटर ओढून घेतो. ही माझ्यानं होत नाही. आदिलाबादले न्या."

पण हे सगळं मी प्रकाशला सांगत नव्हतो. का, ते तुला माहीत आहे. फोनवर त्याचं एकच असायचं. "बाबा, वावरात जाणं होत नसन तर सांगा. बटईनं दुसऱ्याले कसायले देऊ अन् तुमी इकडं या." म्हणजे त्याच्या हैदराबादच्या चौथ्या मजल्यावर. तिथे सकाळी उठून मी काय करायचं? लिफ्टने खाली जायचं आणि लिफ्टने वर यायचं? म्हणून तो विचारायचा, "सायकल कशी आहे बाबा?" आणि मी म्हणायचो, "झकास." तेव्हा साखळी माझ्या हातात असायची.

आता खरी गोष्ट. दसऱ्याची.

ब्रेक तेव्हा फार किंचाळायचा. दोन्ही चाकांच्या आसापाशी त्या पातळ लोखंडी थाळ्या आहेत ना, डिस्क म्हणतात त्यांना, त्या चिमट्यात धरल्या की सायकल थांबते. मी नाल्यावर ब्रेक दाबला की तुला घरात ऐकू यायचं. "आले तुमी," म्हणून तू ताट वाढायला घ्यायचीस. दसऱ्याला मी सोन्याची पानं आणायला गेलो आणि मागे तू विळा, कुदळ, फवारणीचा पंप, सगळं धुऊन पुजून ठेवलंस. सायकलीच्या हँडलला कुंकू, झेंडूची माळ. मी पाहिलं आणि बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी ब्रेक किंचाळलाच नाही. तू म्हणालीस, "पाहा, निवली बिचारी." तुझ्या तोंडावर कसलं ते हसू! मी मूर्ख, मला वाटलं पूजेने निवली.

त्यानंतर ब्रेक घसरायला लागला. दाबावा तर सायकल थांबायची, पण उशिरा, तिच्या मर्जीने. मी कंपनीला शिव्या घातल्या. दुकानदाराला घातल्या. रस्त्याला, प्रकाशला, सगळ्यांना घातल्या. मग तू गेलीस आणि शिव्या घालायलाही मन लागेना.

एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. तू गेल्यावर नाल्याच्या उतारावर ब्रेक दाबला की मला वास यायचा. जवस तव्यावर भाजताना येतो तो. चटणीसाठी तू भाजायचीस, अगदी तसा, जरासा करपलेला. आजूबाजूला घर नाही, चूल नाही. मला काय वाटलं असेल? म्हटलं, तू सोबत करते आहेस. मग मी त्या उतारावर मुद्दाम जास्त वेळ ब्रेक दाबून ठेवायला लागलो. म्हाताऱ्या माणसाचं खूळ! हस तू.

चैत्रात एका सकाळी मी दोन्ही मुठी आवळल्या, वास आला आणि सायकल थांबलीच नाही. नाल्यात विठोबाची म्हैस बसली होती. मी तिच्या पाठीवर जाऊन पडलो, म्हणून वाचलो. ढोपर फुटलं. म्हैस उठलीसुद्धा नाही. विठोबाने मला उचललं आणि लगेच फोन काढला. "प्रकाश, तुझ्या बापानं माह्या म्हशीवर सायकल घातली." असं सांगतात का?

प्रकाश दुसऱ्या दिवशी दारात. गाडीची डिकी उघडीच ठेवली होती त्याने, माझी पेटी भरायला.

"बाबा, तुमी काऊन लपवलं?"

"काय लपवलं? म्हैस मधात आली."

"म्हैस बसून होती. चला आता. वावराचं मी पाहतो."

मी खाटेवरून उठलो नाही. म्हटलं, "आधी ते सायकल दुरुस्त करून आण. तुया डोळ्यासमोर मी उतारावरून येतो. थांबलो तर मी इथंच राहीन. नाही थांबलो तर पेटी भर." तो हसला. त्याला वाटलं, ही सायकल कुठली दुरुस्त होते! मलाही तेच वाटत होतं. पण बोलून बसलो. रात्री डोळ्याला डोळा नाही.

आदिलाबादला एका बाईचं सायकलीचं दुकान आहे, तिथे आम्ही दोघं ती घेऊन गेलो. तेलुगू बाई, हिंदी बोलते. तिने डिस्कवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ताता, इसको नूने किसने लगाया?"

ताता म्हणजे आजोबा, नूने म्हणजे तेल. मी म्हटलं, तेल कसलं? मी साखळीशिवाय कुठे थेंब लावला नाही. तिने बोट माझ्या नाकापुढे धरलं. जवसाचं होतं.

"ब्रेक को कोई तेल लगाता है क्या? पूरा पी गया अंदर तक. इसीलिए जलता है, पकड़ता नहीं."

काय गं हे! जे कुरकुरेल त्याला तेल, हा तुझा एकच उपाय. दार कुरकुरलं, तेल. बैलबंडी कुरकुरली, तेल. मी कुरकुरलो की माझ्या टाळूवर तेल थापायचीस. पण दसऱ्याला ब्रेकलाही? त्याचं कामच घासायचं, बाई! मी मरता मरता वाचलो तुझ्या मायेपायी. आणि इतके दिवस उतारावर मी ज्याला तुझी सोबत म्हणत होतो, तो जळणारा ब्रेक होता. मला त्या दुकानात उभ्या उभ्या किळस आली. सायकलीची नाही, माझीच.

प्रकाशने वाकून डिस्क हुंगली. त्यालाही वास कळला होता.

बाईने ब्रेकचे जुने पॅड काढले आणि विचारलं, "फेंक दूँ?" पॅड म्हणजे नखाएवढे दोन-चार तुकडे, काळेभोर, तेलकट. मी म्हटलं, "फेकून दे." तिने फेकले. मी वळून पाहिलं नाही. तुला राग आला असेल तर येऊ दे. डिस्कही तिने कसल्या तरी पाण्याने पुसून लख्ख केली.

परवा सकाळी उतारावर गेलो. प्रकाश खाली कमरेवर हात ठेवून उभा. मी भ्यालो होतो, खोटं कशाला लिहू? ढोपराला पट्टी होती. आणि डोळ्यासमोर ती लिफ्ट! सायकल सुटली, वारा कानात शिरला, आणि मी दोन्ही मुठी आवळल्या. अशी किंचाळली ती, की झाडावरचे बगळे उडाले. प्रकाशच्या पुढ्यात थांबली. इतकी जोरात की मीच हँडलवर आदळलो.

प्रकाश कानावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, किती बोंबलून राह्यली हे! हिले थोडं तेल देत नाही काय?"

मी असा ओरडलो त्याच्यावर, "हात लावू नको!" आणि मग आम्ही दोघंही हसलो. तुझा मुलगा आहे, दुसरं काय करणार? हसता हसता त्याने डोळे पुसले. डिकी त्याने रिकामीच लावून घेतली.

पण तो गाडीकडे गेल्यावर मी तिथेच उभा राहिलो. नाक वर करून. धूळ होती, म्हशीच्या शेणाचा वास होता, तापलेलं लोखंड होतं. जवस नव्हता. मी सायकल परत वर ढकलत नेली, पुन्हा उतरलो. नव्हता.

ही सायकल आजही वाईटच आहे. आज सकाळी साखळी पडली. माझी किळस गेलेली नाही आणि जाणारही नाही. पण मी वावरात पोचलो. भेंडी तोडली.

तुला शब्द देतो. या दसऱ्याला मी तिला धुईन, हँडलला कुंकू लावीन, झेंडूची माळ घालीन. जवसाचं तेल विळ्याला लावीन, कुदळीला लावीन, दाराच्या बिजागरीला लावीन. ब्रेकला लांबूनच हात जोडीन. तो बोंबलत राहील. बोंबलू दे. तुला ऐकू आला तर समज, मी उतरलो आणि थांबलो.

आणि तुझी फार आठवण आली तर चुलीवर तवा ठेवून जवस भाजीन. मला जमणार नाही, करपेल. पण घरात करपेल, उतारावर नाही.

तुझा,
प्रकाशचा बाबा