रुईची दोन बोंडं

शनिवार, संध्याकाळ. खासबाग.

शाळेत शिकवून घरी आले तर कुंपणाजवळची माझी रुई बुडापासून तोडलेली. बी पेरून वाढवली होती मी ती. फुलं आल्यापासून रोज सकाळी फोटो काढत होते. आता दोनच बोंडं धरली होती, उद्या-परवा उकलली असती. आत बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात, तेवढाच फोटो राहिला होता. मी नसताना बियांच्या म्हाताऱ्या उडून जाऊ नयेत म्हणून जुन्या मलमलीच्या पिशव्या करून बोंडांवर बांधल्या होत्या. तांबड्या दोऱ्यानं. तोच घरात होता, काय करू?

शेजारच्या शांताआक्कांनीच तोडली. विचारलं तर म्हणाल्या, "रुईला पांढऱ्या पुरचुंड्या, वर तांबडा दोरा. करणी न्हाय तर काय वाटणार? लई भ्या वाटलं गं. घरात लेकरू हाय." बोंडं पिशव्यांसकट जाळली म्हणे.

आधी मला विचारायला काय झालं होतं? रोज कुंपणावरून बोलतो की आम्ही. म्हणजे करणी मीच केली, असंच वाटलं ना त्यांना? झाड गेल्यापेक्षा तेच जास्त झोंबतंय.

आत्ता आक्का मारुतीच्या देवळात निघालेल्या दिसल्या. ताटात हार होता. पानं माझ्याच रुईची, देठांवरचा चीक अजून वाळला नव्हता. आणि ओवलेली तांबड्याच दोऱ्यात.