माझी पेटी रिकामी निघाली

कल्याण, ता. १४ मे १९५३

सौ. सरोज हीस,

कल्याणहून आशीर्वाद. माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी नको. बाळचा खोकला थांबला का? तू मुद्दाम लिहीत नाहीस, असं वाटतं.

इतिहास-नागरिकशास्त्राच्या शिक्षकांचा हा वर्ग बरा चालला आहे. मुलांना निवडणूक कशी शिकवावी, ते परवा आम्हालाच करायला लावलं. भोजनप्रमुख निवडायचा होता. प्रत्येक उमेदवाराला खडूची एक रिकामी पेटी, तिच्यावर चिन्ह, आणि आडोशाला चादर. मी कंदिलावर उभा होतो.

माझ्याच खोलीतले टिपणीस मास्तरही उभे होते. "माझं मत तुम्हालाच, देवाशपथ," म्हणाले. स्वतःला मत देणं बरं दिसत नाही, म्हणून मी माझी चिठ्ठी त्यांच्या पेटीत टाकली. उघडल्यावर माझी पेटी साफ रिकामी! म्हणतात, "अहो, अंधारात पेटी चुकली." तू दिलेला लाडवांचा डबा मात्र त्यांना अंधारातही सापडतो. मी त्याला कुलूप घातलं आहे.

तेव्हापासून मनात एकच येतं. गेल्या वर्षी आपण मतदानाला गेलो, तेव्हा मी सांगितलेल्या पेटीतच तू चिठ्ठी टाकलीस ना? विचारलं तर नुसती हसलीस.

पुढच्या सोमवारी मला गुप्त मतदानावर पाठ द्यायचा आहे. बायकोचं मत नवऱ्यानेसुद्धा विचारू नये, असं मी त्यात ठासून सांगणार आहे. तेव्हा तुझं उत्तर त्याआधी येऊ दे.

वाट पाहणारा,
त्र्यंबक