चौळू जमिनीतली चवळी

१८ जून

पेरणी झाली एकदाची. म्हैसूरहून के. आर. नगरच्या पुढे, कालव्याच्या शेपटाला निंगण्णाचं शेत. त्याच्या कोपऱ्यातला पांढरा तुकडा आमच्या लॅबला चाचणीसाठी मिळालाय. इकडे अशा खारवट जमिनीला चौळू म्हणतात. कालवा झिरपतो, खालचं मीठ वर येतं, भात जळतो.

निंगण्णा हसतो. ‘इथं चवळी आली तर मी मिशी काढीन, मेडम.’ त्याची बायको तायम्मा लांब करंजाखाली उभी. चहा पाठवला, स्वतः जवळ आली नाही.

सगळ्या ओळी नीट लागल्या. गावठी चवळी, मिठात तगणारी पण शेंगा चारच. आणि एक भरघोस वाण. या दोघांच्या संकराची ही नातवंडं. मिठाचा गुण कुणात उतरलाय ते इथं कळेल.

४ जुलै

उगवण बरी. मध्ये थोडी विरळ.

निंगण्णा आज बोलला. मुलगी होती, भाग्या. बारावीत. दोन वर्षांपूर्वी कालव्यावर कपडे धुताना पाय घसरला. बाहेर काढली तेव्हा चहूकडे भात उभा होता. पोलीस येईपर्यंत तिला ठेवायला मोकळी जागा एवढीच. म्हणजे आमचा तुकडा.

‘आधी का नाही सांगितलंत?’

‘सांगितलं असतं तर पेरलं असतं का?’

परतताना हिनकलला गाडी बाजूला घेऊन इराला फोन केला. ट्यूशनमध्ये होती. ‘आई, सुम्मने का फोन करतेस गं?’ खरंच, उगाचच.

१५ जुलै

पानं गोळा केली. प्रत्येक रोपाचं एक कोवळं पान, छोट्या नळीत, बर्फात. मरणाऱ्यांची आधी घ्यायची, मागाहून हाती काही लागत नाही. जगलेली आणि मेलेली, दोघांचा डीएनए शेजारी ठेवल्याशिवाय जनुकाचा पत्ता लागायचा नाही.

तायम्मा पहिल्यांदाच बांधावर आली.

‘कुठलं मरणार ते आधी कळतं?’

‘कळतं. पानाची कड जळायला लागते.’

‘मग तुम्ही काय करता?’

‘पान तोडून घेते.’

तिनं मान हलवली आणि गेली. नंतर दिवसभर ते वाक्य कानात. माझंच.

१४ नं.ची ओळ हिरवीगार. बहुतेक मुळांतच मीठ अडवते, पानापर्यंत चढू देत नाही. सोडियम मोजल्यावर नक्की कळेल.

२८ जुलै

मधली सगळी रोपं उपटलेली. जळकी नव्हे, चांगली. बांधावर ओळीनं मांडलेली, मुळं धुऊन. निंगण्णा म्हणाला गुरं शिरली असतील. म्हणताना माझ्याकडे बघेना. गुरं मुळं धूत नाहीत.

लॅबच्या सरांना फोन. ते संतापले. ‘कुंपण घाला. नाहीतर पंचायतीत तक्रार द्या. आणि राखीव बियाणं आहे ना? मधला भाग पुन्हा पेरा.’

हो म्हटलं. पेरलं नाही.

३ ऑगस्ट

पाऊस थांबलाय. लॅबमागच्या काचघरात खारं पाणी घातलेल्या कुंड्यांवर पांढरी साय धरलीय. वर्षानुवर्षं बघतेय ती. आज हात लावायला नको वाटलं.

इरा दुपारी झोपली होती. पांढऱ्या चादरीवर, उताणी. उठवलं.

८ ऑगस्ट

तायम्माला गाठलंच. रागावून गेले होते खरं तर. ती तुकड्याच्या कडेला बसलेली. उन्हानं माती सुकून मीठ वर आलं होतं.

मी काही बोलायच्या आत तिनं बोट दाखवलं. ‘हे डोकं. हा हात, असा दुमडलेला. पाय कालव्याकडे.’

मला नुसतं मीठ दिसत होतं.

‘पाऊस पडला की विरते. ऊन पडलं की परत येते. दोन वर्षं झाली, रोज बघते मी. तुम्ही वरून हिरवं घातलंत तर ती कुठं येणार?’

शिकवल्यासारखं सांगत बसले. कालव्याचं पाणी मुरतं, खालचं मीठ विरघळतं, उन्हानं पाणी उडतं, मीठ वर उरतं.

‘मीठ खालून येतं ते माहीत आहे, अम्मा,’ तायम्मा म्हणाली. ‘ती पण खालीच होती. पाण्यात.’

शेजारी बसून राहिले. उठताना मागे वळून पाहिलं आणि दिसली. दुमडलेला हात, बाजूला पडलेली वेणी. पापणी लवली तसं परत मीठ.

गाडीपर्यंत कशी आले, आठवत नाही.

१६ ऑगस्ट

ठरलं. मधला पट्टा मोकळा ठेवायचा. तायम्मानं बाकीच्या रोपांना हात लावायचा नाही. तिनं माझा हात धरून कबूल केलं. तिचा हात थंड, भर उन्हात.

सर म्हणतात, ‘एवढं मोठं भोक पडलंय चाचणीत, लोक विचारतील.’ म्हटलं, विचारू देत, रोपं गेली असं लिहू. खोटं नाही ते.

सोडियमचे आकडे आले. १४ नं.च्या मुळात भरपूर, पानात जेमतेम. अंदाज खरा. आनंद व्हायला हवा होता. झाला, थोडा.

एक अडचण. १४ नं. गावठी आजीवर गेलीय, जमिनीवर पसरते. तिच्या वेली पट्ट्याकडेच निघाल्यात. बाकी कडांना पाणी साचतं, तिकडे वळत नाहीत. आज सगळ्या उचलून उलट्या फिरवल्या. तायम्मा बघत होती.

२३ ऑगस्ट

वेली पुन्हा आत. पुन्हा फिरवल्या. एक तुटली हातात.

तायम्मा गौरी हब्बासाठी, म्हणजे गौरीच्या सणाला, टी. नरसीपूरला भावाकडे जाणार. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच. भाऊ स्वतः न्यायला येतोय, त्याला नाही म्हणवेना तिला.

मी निघताना म्हणाली, ‘तुम्ही आहात ना.’

प्रश्न नव्हता तो.

३० ऑगस्ट

आठवड्यात केवढी वाढ. वेली पट्ट्यावर अर्ध्यापर्यंत, फुलं धरलेली. जांभळी, फिकट. मी वेल उचलायला वाकले, तर निंगण्णानं मागून हाक मारली.

‘राहू दे, मेडम.’

‘मी शब्द दिलाय तिला.’

‘माझी पण मुलगी होती ती.’ तो खाली बसला. ‘मला नाही दिसत इथं कुणी. दोन वर्षं बायको सांगते, हात बघ, पाय बघ. मी हो म्हणतो. मला काही दिसत नाही, मेडम. निदान पीक तरी दिसू दे.’

वेल सोडून दिली मी. आपण बरोबर केलं की…

इराला सांगितलं सगळं. ती म्हणाली, ‘तुला दिसली होती ना? मग त्यांना सांगायचंस.’

नाही सांगितलं. त्याला कसं सांगू, की तुला नाही, मला दिसली.

९ सप्टेंबर

पट्टा पूर्ण झाकलाय. मीठ कुठं दिसत नाही. मूळ ओळीवर मावा पडून शेंगा गेल्या, पण पट्ट्यातल्या वेलींना लगडल्यात. १४ नं.चं धड बियाणं असेल तर तेवढंच. सर खूश. ‘एक दाणाही वाया जाऊ देऊ नका.’ पुढची पिढी, पुढची चाचणी, सगळं त्याच्यावर.

मी हात घालून वेली बाजूला केल्या, खाली पाहिलं. ओली, काळसर माती. कुणी नाही. दुसऱ्या जागी केल्या. तिसऱ्या.

तायम्मा अजून भावाकडेच. निंगण्णानं तिला फोनवर काही सांगितलेलं नाही. मीही नाही.

१७ सप्टेंबर

सकाळी निंगण्णाचा फोन. तायम्मा काल संध्याकाळी आली. पहाटे उठून थेट शेतात. तेव्हापासून पट्ट्याच्या मधोमध बसलीय.

‘उपटतेय का?’

‘नाही. वाळलेल्या शेंगा तोडते. सोलते.’

‘रडतेय?’

‘नाही. काहीतरी बोलतेय, हळू. मला ऐकू येत नाही.’

‘दाण्यांचं काय करतेय?’

फोनमध्ये वारा नुसता.

‘बोटानं मातीत घालतेय, मेडम. एकेक. वर माती ओढते, हात फिरवते. पुरतेय की पेरतेय मला कळत नाही. विचारायची भीती वाटते. तुम्ही या. बियाणं तुमचं आहे.’

येते म्हटलं. बियाणं भरायच्या रिकाम्या पिशव्या गाडीत टाकल्या. काढून परत घरात ठेवल्या. इरा दारात उभी राहून बघत होती. पुन्हा उचलल्या.